मी मागितलेला आकडा

गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. माझ्या वहीत या वेळेपुढे एकच ओळ आहे : ‘अप्पांना आत नेले.’ आत म्हणजे कॅथलॅबमध्ये, जिथे मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक तार सरकवत थेट हृदयापर्यंत नेतात. रुग्णालय हुबळी-धारवाड रस्त्यावर, नवनगरच्या अलीकडे. पहिल्या मजल्यावरच्या त्या काचेच्या दारासमोर मी वही घेऊन उभी होते आणि आपल्याकडून काहीही राहून गेलेले नाही अशी माझी पक्की खात्री होती. त्या क्षणी कोणी मला देवाविषयी विचारले असते, तर ‘पुरेसा पुरावा नाही’ असे उत्तर मी दिले असते. कॉलेजात असल्यापासून मी तेच उत्तर देत आले होते, आणि खरे सांगायचे तर ते देताना मला स्वतःचे थोडे कौतुकही वाटत असे. पुढच्या चार दिवसांत जे घडले त्याला कोणी चमत्कार म्हणावे असा माझा आग्रह नाही. ते ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहिते, इतकेच.

आमचे घराणे मूळचे मिरजेकडचे. पणजोबांनी हुबळीच्या बाजारात खण आणि इरकली लुगड्यांचे दुकान घातले, ते आज अप्पा, म्हणजे माझे वडील, चालवतात. अप्पांचे वय एकसष्ट. आवाज मोठा, चाल जलद, आणि गिऱ्हाईक कानडी असो की मराठी, त्याच्या भाषेत त्याची थट्टा करायची हौस. गेल्या तीस वर्षांत त्यांनी दत्ताचा गुरुवार एकदाही मोडलेला नाही. दिवसभर अन्नाचा कण नाही, संध्याकाळी गल्लीतल्या दत्तमंदिरात आरती, मग घरी येऊन जेवण. मी मात्र वेगळ्या वाटेने गेले. धारवाडला राहून मी द्रवगतिकीत संशोधन करते. अरुंद नळीतून द्रव वाहताना अडथळ्याच्या पलीकडे दाब किती उरतो, हा माझा विषय. पुढच्या संशोधनासाठी मला जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली होती आणि विमानाचे तिकीट वीस फेब्रुवारीचे होते.

जानेवारीत दुकानाच्या माळ्यावरून गठ्ठे उतरवताना अप्पांच्या छातीत दाटून आले. पाच मिनिटे बसल्यावर ते गेले, पण आठवड्याभरात तीनदा परत आले. अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मोठी वाहिनी एका ठिकाणी अरुंद झालेली दिसत होती. एका डॉक्टरांनी चित्र पाहून सांगितले की सत्तर टक्के अडथळा आहे, लगेच स्टेंट घाला. दुसऱ्यांनी तेच चित्र पाहून सांगितले की फार तर पन्नास टक्के, गोळ्यांवर भागेल. बाहेर आल्यावर अप्पा हसत म्हणाले, “एकाच खणाला दोन दुकानांत दोन भाव! आता आपण कुठं घ्यायचा गं?” मला हसू आले नाही. माझ्या शास्त्राला अंदाज ही गोष्ट सहन होत नाही. चौकशी करून मी अप्पांना या तिसऱ्या डॉक्टरांकडे आणले. ते बेळगावकडचे, मितभाषी. म्हणाले, “नळी चित्रात किती बारीक दिसते यावर भांडत बसण्यापेक्षा पलीकडे रक्त किती पोचतं ते मोजू या.”

मोजण्याची रीत अशी. केसासारख्या बारीक तारेच्या टोकाजवळ दाब मोजणारा संवेदक असतो. ती तार अडथळ्याच्या पलीकडे नेतात. मग एक औषध देऊन हृदयातल्या सूक्ष्म वाहिन्या पूर्ण उघडतात, म्हणजे माणूस जिने चढत असताना रक्ताची जेवढी मागणी असते तेवढी ती झोपल्याझोपल्या निर्माण होते. त्या वेळी अडथळ्याच्या पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या कितवा हिस्सा आहे, ते पाहायचे. काहीच अडथळा नसेल तर उत्तर एक. उत्तर ०.८० किंवा त्याहून कमी आले, तर त्या अडथळ्यामुळे हृदय खरोखर उपाशी राहते आहे, स्टेंट घालणे योग्य. त्याहून वर असेल तर साधारणपणे औषधे आणि पथ्य पुरते. भागिले, बरोबर, आणि एक स्वच्छ आकडा. गेली चार वर्षे मी प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांवर जे करत होते, तेच आता माझ्या वडिलांच्या हृदयात होणार होते. मला भीतीपेक्षा अभिमानच अधिक वाटला, हेही कबूल करते.

आदल्या दिवशी रुग्णालयाने एक छापील कागद दिला. त्यात सात सूचना होत्या. मी त्या वाचल्या आणि अप्पांना कळतील अशा एका वाक्यात बसवल्या. “अप्पा, उद्या गुरुवारच आहे. तुमचा उपवास असतो ना, तसाच धरायचा. बाकी काही नाही.” अप्पा म्हणाले, “मग त्यात नवीन काय सांगितलंस?” सात सूचनांचे एक वाक्य केल्याचा मला आनंद झाला. लांबलचक मजकुराचे सार काढण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असे मला वाटत होते.

गुरुवारी सकाळी सात वाजता आम्ही रुग्णालयात पोचलो. अप्पा आणि आई बाहेरच्या बाकावर बसले, मी खिडकीपाशी अर्ज भरायला गेले. तिथल्या परिचारिकेने कानडीत एकेक प्रश्न विचारला. नाष्टा झालाय? चहा, कॉफी घेतलीय? मी मागे वळून न पाहता म्हणाले, “इल्ल री, काही नाही. त्यांचा कडक उपवास असतो.” तिने त्या चौकोनात खूण केली. अप्पा माझ्यापासून वीस पावलांवर होते. त्यांना विचारावे असे माझ्या मनातही आले नाही.

तर नऊ चाळीसला दार मिटले. आईने जपमाळ काढली. मी येरझाऱ्या घालू लागले. प्रतीक्षागृहाच्या कोपऱ्यात भिंतीला एक लाकडी फळी होती, तिच्यावर तीन-चार तसबिरी, त्यांत एक दत्ताची. कोणीतरी ताजी शेवंती वाहिली होती. मी दोनदा त्या फळीसमोरून गेले. तिसऱ्यांदा थांबले. आजूबाजूला ओळखीचे कोणी नाही हे आधी पाहून घेतले आणि मग हात न जोडता, ओठही न हलवता मागणे मागितले. त्याचे शब्द मला अजून तंतोतंत आठवतात, कारण तशी प्रार्थना जगात दुसऱ्या कोणी केली असेल असे मला वाटत नाही : ‘०.८० नको. ०.८० च्या वर.’ दशांशचिन्हासकट मी देवाला आकडा सांगितला.

अकराच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले. “०.८२,” ते म्हणाले. “रेषेच्या वर आहे, थोडंच, पण आहे. स्टेंट नको. गोळ्या वाढवू, तीन महिन्यांनी पुन्हा बघू.” आईने जपमाळ डोळ्यांना लावली. मी वहीत ०.८२ लिहिले आणि त्याभोवती चौकट काढली. मग त्या फळीकडे पाहिले आणि एखाद्या व्यवहारी माणसाने दुसऱ्याला मान हलवून पोच द्यावी तशी मान हलवली.

अप्पांना खोलीत आणले तेव्हा ते सिनेमा पाहून आल्यासारखे खुशीत होते. मनगटावर पट्टी, बाकी काही नाही. “डॉक्टर म्हणाले, आता औषध सोडतोय, छाती जड होईल, तोंडावर गरम वाफ आल्यासारखं होईल, घाबरू नका. मी आपला वाट बघत पडलोय. कशाचं काय! मी विचारलं, सुरू केलंत का हो? तर म्हणे, संपत आलं.”

“दत्तगुरू उशाशी उभे होते तुमच्या,” आई म्हणाली.

“उभे कशाला राहतील? बस म्हटलं असतं मी.”

मी हसत हसत लिहून घेतले : ‘औषधाचा त्रास – शून्य.’ ही नोंद मी माझ्या हाताने केली. तिचा अर्थ माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला तो दिसला नाही.

दीड वाजता मी औषधे आणायला जिना उतरत होते. खालून कोणीतरी हाक मारली. “यव्वा, निल्ल!” थांब म्हणून. पन्नाशीची एक बाई, हिरव्या इरकलीचा पदर कमरेला खोचलेला, धापा टाकत दोन-दोन पायऱ्या चढत येत होती. तिने पिशवीतून एक स्टीलचे झाकण काढले आणि माझ्यापुढे धरले. “निम्म अप्पार मुच्चळा,” ती म्हणाली. तुमच्या अप्पांचे झाकण. आमच्या थर्मासचे ते पेल्यासारखे झाकण होते.

ती कानडीत सांगत होती ते असे. सकाळी बाकावर ती आईच्या शेजारी बसली होती. तिच्या नवऱ्याला त्या दिवशी घरी सोडणार होते. आईने थर्मास उघडला तेव्हा अप्पाच म्हणाले, आधी या अक्कांना द्या. झाकणात अर्धा पेला चहा ओतून दिला, अप्पांनी आतल्या पेल्यातून घेतला; सगळ्यांचा पिऊन होतो तोच तिला आत बोलावले आणि त्या गडबडीत झाकण तिच्या पिशवीत गेले. आता रस्त्यावर बसमध्ये पाय ठेवताना पिशवीत हात गेला आणि ते हाताला लागले. नवऱ्याला थांब्यावर सावलीत बसवून ती परत आली होती.

“आणि बस?” मी विचारले.

“गेली. तासाभरात दुसरी येईल की. दुसऱ्याची वस्तू घेऊन कशी जाऊ?” मग तिचा चेहरा उजळला. “निम्म अप्पार चा भाळ छलो इत्तु! फार छान होता अप्पांचा चहा. आलं घातलेला. मला देऊन उरलेला अर्धा पेला ते प्यायले. पोट भरलं नाही, मग आईंकडून आणखी एक पेला मागून घेतला.”

“अप्पा चहा प्यायले? आज सकाळी?”

ती हसली. “उपवास म्हणाले ना! उपाशी माणूस चहा पिणार नाही तर काय पिणार?”

ती वळली आणि आली तशीच झपझप निघून गेली. तिचे नाव किंवा गाव मी विचारले नाही. त्याची खंत मला आजही आहे.

जिन्याच्या मधल्या कठड्याला टेकून मी उभी राहिले. ज्या घरात मी वाढले त्या घरात चहा खाण्यात मोडत नाही आणि पिण्यातही मोडत नाही. गुरुवारी, एकादशीला, चतुर्थीला, सोवळ्यात, ओवळ्यात, चहा सदा चालतो. अप्पांनी काहीही लपवले नव्हते. मी सांगितला तसाच, नेहमीचा गुरुवार त्यांनी पाळला होता. छापील कागदातली तिसरी सूचना मला आता अक्षर न् अक्षर दिसू लागली : आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, कोको पूर्ण बंद. कारण चहातला पदार्थ त्या औषधाची वाट अडवतो. सूक्ष्म वाहिन्या पुरत्या उघडत नाहीत, रक्ताची मागणी वाढत नाही, अडथळा आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो आणि आकडा फुगतो. म्हणून तर अप्पांची छाती जड झाली नव्हती. ०.८२ मध्ये आणि रेषेमध्ये अंतर होते केवळ दोन शतांशांचे. हेच मापन एखाद्या विद्यार्थ्याने माझ्यासमोर ठेवले असते, तर मी निम्मे वाचूनच त्यावर लाल फुली मारली असती.

तरीही मी वर गेले नाही. झाकण माझ्या पर्समध्ये घातले. जे पुढे मनात आले ते लिहायला लाज वाटते, पण ते गाळले तर हा अनुभव खोटा होईल. अप्पा खुशीत आहेत. आई खुशीत आहे. आकडा रेषेच्या वरच आहे. तीन महिन्यांनी पुन्हा बघणारच आहेत. वीस तारखेचे माझे तिकीट आहे. आणि सर्वांत वाईट युक्तिवाद सर्वांत शेवटी आला : मी मागितले होते, देवाने दिले, दिलेले परत करू नये. ज्या देवाला मी सकाळपर्यंत पुराव्याअभावी बाजूला ठेवले होते, तोच आता माझ्या सोयीचा साक्षीदार म्हणून मला हवा होता. श्रद्धा नसणे वेगळे आणि ही अशी श्रद्धा वेगळी. मला पहिलीचा अभिमान होता. दुसरी माझ्यात आहे, हे मला त्या जिन्यावर कळले.

जिन्याच्या खिडकीतून रस्ता दिसत होता. ती बाई थांब्यावर नवऱ्याशेजारी बसली होती आणि पदराने त्याला वारा घालत होती. रणरणत्या उन्हात, नुकत्याच आजारातून उठलेल्या नवऱ्याला घेऊन, एका झाकणासाठी तिने बस सोडली होती, आणि त्यात आपण काही केले असे तिच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हते. माझ्या पर्समध्ये मात्र माझ्या वडिलांच्या हृदयाविषयीचे सत्य वीस मिनिटे पडून होते. मी वर गेले.

डॉक्टर अप्पांच्या खोलीतच होते, घरी सोडण्याच्या कागदावर सही करत. मी एका दमात सगळे सांगितले. कागद मी वाचला होता, वाक्य मी आखडते केले होते, खिडकीपाशी अप्पांच्या वतीने उत्तर मीच दिले होते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि अप्पांकडे वळले. “किती चहा झाला?”

“दीड पेला,” अप्पा म्हणाले. “खरं म्हणजे दोन होणार होते, अर्धा त्या अक्कांना गेला.”

डॉक्टर हसले, पण सही केली नाही. “कुलपात आधीच काडी अडकलेली असली तर किल्ली आत जात नाही. आजच्या आकड्यावर मी भरवसा ठेवणार नाही. आज घरी जा, पण शनिवारपासून चहा-कॉफी पूर्ण बंद करा, सोमवारी पुन्हा मोजू. खरंच ०.८२ असेल तर तेव्हाही तेच येईल.”

ते बाहेर गेले आणि आईचा बांध फुटला. “देवानं हातात घातलेला आकडा तू परत करून आलीस? पुन्हा त्यांच्या हातात तार घालायची? तीस वर्षांत दत्तानं कधी चहाला नाही म्हटलं नाही, आता तुझं यंत्र म्हणतंय! एवढं शिकून काय केलंस, तर चहा पकडलास!” ती भिंतीकडे तोंड करून बसली. अपराध माझा होता आणि शिक्षा अप्पांना होणार होती.

अप्पांनी हातानेच मला जवळ बोलावले. मग त्यांनी मला पलंगावर बसवले. “मला एक सांग. म्हणजे हे माप ताणून घेतल्यासारखं झालं का?”

मला कळेना. त्यांनी पांघरुणाची कड दोन हातांत धरली. “हे बघ. कापड सैल सोडून मोजायचं असतं. लबाड दुकानदार काय करतो, गजाला लावताना हळूच ताणतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पुरं भरतं. घरी जाऊन शिवायला बसलं की कमी पडतं. चहानं तसं ताणलं का?”

“हो अप्पा. अगदी तसंच.”

“मग संपलं की. चाळीस वर्षं मी कुणाला ताणून मोजून दिलं नाही, आता स्वतःच्या छातीला देऊ?” मग आईकडे वळून म्हणाले, “अगं, इकडे तोंड कर. दत्तानं आकडा दिला म्हणतेस, मग ते झाकण घेऊन त्या अक्कांना कुणी धाडलं?”

आई वळली नाही, पण तिची जपमाळ पुन्हा फिरू लागली.

त्या संध्याकाळी अप्पा आरती चुकवायला तयार नव्हते. गाडीतून उतरल्यावर ते मला म्हणाले, “चल की आत, बाहेर डास चावतील.” दहा वर्षांनी मी त्या गाभाऱ्यासमोर उभी राहिले. तिथे माझ्यापाशी मागण्यासारखे काहीच उरले नव्हते. ०.८० च्या वर असे म्हणावे, तर तो आकडा मला मिळाला होता आणि तो खोटा निघाला होता. खाली असे कोण मागेल? इतकी वर्षे मी कोणत्याही ठिकाणी उभी राहिले की काहीतरी मोजत असे; लोक, पायऱ्या, मिनिटे. टाळ्या सुरू झाल्या, अप्पा नेहमीप्रमाणे ठेका चुकवत मोठ्याने गाऊ लागले, कापराची आच चेहऱ्याला लागली, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की मी काहीही मोजत नाही आहे. मनात एकच वाक्य होते आणि तेही मी रचले नव्हते : जे आहे ते दिसू दे. त्या वाक्याबरोबर माझ्या खांद्यांवरचे काहीतरी उतरले. मी त्याला नाव देत नाही. मात्र त्याआधी आणि त्यानंतर माझ्यात जो फरक पडला, तो कोणत्याही चांगल्या निरीक्षणाइतकाच माझ्यासाठी निःसंशय आहे.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेला कळवून प्रवास तीन आठवडे पुढे ढकलला. मला वाटले होते त्रास होईल, झाला नाही. त्रास अप्पांना झाला. शनिवारी दुपारपर्यंत त्यांचे डोके दुखू लागले. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते कानडीत सांगत, “मुलीनं माझा चहा जप्त केलाय. जर्मनीला घेऊन जाणार आहे.” रविवारी शेजारच्या दुकानातून त्यांच्यासाठी सवयीने चहा आला, तेव्हा आईने तो दारातूनच परत पाठवला. तीन दिवसांत ती माझ्याशी जे काही बोलली नव्हती, ते सगळे त्या एका कृतीत बोलली.

सोमवारी डॉक्टरांनी मला काचेपलीकडच्या खोलीत बसू दिले. म्हणाले, “तुमचाच विषय आहे, या.” पडद्यावर दोन रेषा वरखाली होत होत्या, एक अडथळ्याच्या अलीकडच्या दाबाची, दुसरी पलीकडची. प्रत्येक ठोक्याला दोन्ही जवळजवळ एकत्र चढत होत्या. मग औषध सुरू झाले. अर्धे मिनिट गेले आणि आतून अप्पांचा आवाज आला, “डॉक्टर, छाती दडपतेय हो! तोंड तापलं!”

“उत्तम!” डॉक्टर म्हणाले.

“उत्तम काय म्हणता!”

दोन रेषा एकमेकींपासून सुटू लागल्या. वरची तिथेच राहिली, खालची ठोक्यागणिक खचत गेली. हजार वेळा काचेच्या नळीत पाहिलेला तो उतार या वेळी माझ्या वडिलांचा होता. ०.८१. ०.७९. ०.७७. आकडा ०.७६ वर येऊन स्थिरावला. आधीच्या दोन डॉक्टरांच्या भांडणाचा निकाल लागला होता. गुरुवारी मी जो आकडा मागितला होता, तो घेऊन आम्ही घरी गेलो असतो, तर अप्पा त्याच आनंदात माळ्यावर चढले असते. मला धक्का बसला नाही. दिसले, इतकेच वाटले. जे होते ते दिसले. लगेच त्याच तारेवरून स्टेंट नेऊन बसवला. मी उठून बाहेर आईपाशी गेले. तिने काही न विचारता माझा हात हातात घेतला आणि आम्ही दोघी त्या फळीसमोर बसलो. या वेळी मी हात जोडले होते आणि आजूबाजूला कोण आहे ते पाहिले नव्हते.

आज अप्पा दुकानात आहेत. माळ्यावर चढायला डॉक्टरांनी हळूहळू परवानगी दिली आहे, आणि तेवढ्यात ते दोनदा चढूनही आले आहेत. देव आहे का, या प्रश्नाला माझ्यापाशी सिद्धता नाही. मी ती शोधतही नाही. मला इतकेच कळले की मी मागितले ते मिळणे ही कृपा नव्हती, मिळालेले वेळेवर काढून घेतले गेले ही कृपा होती. ती एका अनोळखी बाईच्या पायांनी जिना चढून आली, आणि आपण काय घेऊन आलो आहोत हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हते. मोजायचे ते मी पुढेही काळजीने मोजेन, कापड सैल सोडून मोजेन. उत्तर काय यावे हे सांगण्याचा अधिकार मात्र मी सोडून दिला आहे, आणि तो सोडल्यापासून माझे हात अधिक स्थिर झाले आहेत.

त्या सोमवारी स्टेंट बसल्यावर डॉक्टरांनी मला पुन्हा आत बोलावले. अप्पांना औषध परत एकदा दिले होते. “दडपतेय, पण पहिल्यासारखं नाही,” ते आतून सांगत होते. पडद्यावरच्या दोन रेषा आता अगदी शेजारून चालल्या होत्या, एक झाल्या नव्हत्या. मी विचारले, “एक का नाही?” डॉक्टर म्हणाले, “एक क्वचितच येतो. यावर माणूस छान जगतो.” मी वही उघडली, जे आले ते लिहिले, आणि त्याखाली आजवर काही लिहिलेले नाही : ०.९१.